रहदारी आणि राहदार

रस्त्यावरील ये-जा हिला आपण मराठीत 'रहदारी' म्हणतो. चौकात शिट्टी वाजवीत उभा असलेला शिपाई रहदारीचे नियंत्रण करीत असतो आणि रहदारीचा रस्ता म्हणजे माणसे व वाहने ज्यावरून अखंड जात-येत असतात असा रस्ता, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु हा शब्द आपल्याकडे आला त्या वेळी त्याचा अर्थ जवळजवळ याच्या उलट होता. फारसीत 'राहदार' म्हणजे वाट राखणारा, वाटेवरचा चौकीदार. आणि 'राहदारी' म्हणजे त्या चौकीदाराने वाटसरूला थांबवून घेतलेला कर, किंवा तो कर भरल्यावर पुढे जाण्यासाठी मिळालेला परवाना. अडविण्याचे नाव कालांतराने वाहण्याला मिळाले. भाषेत असे अर्थांतर पुष्कळदा होते आणि त्याचे आपल्याला काही वाटत नाही. तथापि या एका शब्दाच्या पोटात सत्तेचा आणि वाटसरूचा दोन-अडीच हजार वर्षांचा व्यवहार साठवलेला आहे, आणि तो व्यवहार अद्याप संपलेला नाही.

रात्रीच्या वेळी महामार्गावर लोखंडी अडथळे आडवे लावलेले असतात, हातात दिवा घेतलेला शिपाई गाडी बाजूला घेण्याची खूण करतो, कागद पाहतो, आत डोकावतो आणि 'जा' म्हणतो. याला आपण नाकाबंदी म्हणतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण सरकारी सेवेत, आणि तीही परप्रांतात, आहेत. त्यांतील काहींच्या सहीने असे अडथळे उभे राहतात. आणि बदलीच्या सामानाचा ट्रक घेऊन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना तेच अधिकारी त्याच अडथळ्यापुढे साध्या वाटसरूप्रमाणे उभे राहतात. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंचा असा अनुभव ज्यांना आहे, त्यांच्यापुढे हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. सार्वजनिक रस्ता थांबविण्याचा अधिकार राजसत्तेला कोठून मिळाला, आणि तो कोणत्या अटीवर मिळाला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आपल्याकडील राज्यव्यवहाराच्या ग्रंथांत या प्रश्नाचे सर्वांत सविस्तर उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. दुसऱ्या अधिकरणात त्याने मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी सांगितला आहे. जनपदात येणाऱ्या वा जनपदातून बाहेर जाणाऱ्या माणसाला एक माषक घेऊन मुद्रा, म्हणजे आजच्या भाषेत परवाना, देणे हे त्याचे काम. मुद्रेवाचून प्रवास करणाऱ्या देशवासीयाला बारा पण दंड. ही मुद्रा तपासायची कोणी, तर विवीताध्यक्षाने. म्हणजे गावे जेथे संपतात आणि कुरणे व रानवाटा जेथे सुरू होतात त्या मधल्या निर्जन मुलुखाच्या अधिकाऱ्याने. चोरांचे भय असेल तेथे ठाणी बसविणे, व्यापाऱ्यांच्या तांड्यांना सोबत देणे आणि वाटेवर मुद्रा पाहणे ही सारी कामे त्याच्याकडे होती. रस्त्यावर माणसाला थांबवून 'कागद दाखव' म्हणण्याची ही व्यवस्था आजच्या नाकाबंदीशी सहज ताडून पाहता येते.

परंतु कौटिल्य येथे थांबत नाही, आणि त्याचे मोठेपण याच ठिकाणी आहे. सीमेवरील अंतपालाने व्यापारी मालाच्या ओझ्यामागे सव्वा पण 'वर्तनी' म्हणून घ्यावा, असे तो सांगतो आणि त्याला लागूनच सांगतो की, वाटेत जे हरवेल किंवा चोरीस जाईल ते त्यानेच भरून द्यावे. चौथ्या अधिकरणात हीच जबाबदारी त्याने टप्प्याटप्प्याने वाटून दिली आहे. गावात मुक्कामाला असलेल्या तांड्याचा माल गेला तर तो गावच्या स्वामीने द्यावा. दोन गावांच्या मधल्या टापूत गेला तर विवीताध्यक्षाने. आणि जेथे कुरणही नाही अशा भागात गेला तर 'चोररज्जुक' नावाच्या अधिकाऱ्याने. सारांश असा की, वाट अडविण्याचा अधिकार आणि वाटसरूचे नुकसान सोसण्याचे दायित्व ही दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेली होती. 'मी तुला थांबवितो' असे म्हणणाऱ्याला 'तुझे काही गेले तर मी देणे लागतो' हेही म्हणावे लागे. प्रत्यक्षात हा नियम किती पाळला जाई हा प्रश्न वेगळा. पण अधिकाराला अट असते ही कल्पना स्पष्ट होती, आणि पुढील सगळ्या इतिहासाला लावून पाहण्यासाठी आम्हांला तीच कसोटी योग्य वाटते.

सोळाव्या शतकात शेरशहाने या कसोटीला उतरेल अशी व्यवस्था उभी केली. १५४० ते १५४५ एवढ्याच त्याच्या राजवटीत बंगालपासून सिंधूपर्यंतच्या मार्गावर दर दोन कोसांवर सराया बांधल्या गेल्या, हे प्रसिद्ध आहे. त्यामानाने त्याच्या दोन आज्ञा कमी प्रसिद्ध आहेत. पहिली अशी की, व्यापारी मालावर जकात दोनच ठिकाणी घ्यावी, एकदा राज्याच्या सीमेवर आणि एकदा विक्रीच्या जागी. मधल्या वाटेवर कोणी हात पुढे करू नये. दुसरी अशी की, ज्या गावाच्या हद्दीत चोरी होईल त्या गावच्या मुकादमाने चोर हजर करावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे. अब्बासखान सरवानी याने दिलेल्या या हकिकतीत अतिशयोक्ती असेल. पण आज्ञांचा रोख कौटिल्याच्या नियमाशी इतका जुळतो की, वाटेवरच्या राज्यकारभाराचे शहाणपण हिंदुस्थानात पुनःपुन्हा स्वतंत्रपणे सुचले असावे असे वाटते.

पुढे मोगलांच्या काळात हे शहाणपण फर्मानांत राहिले आणि रस्त्यावर मात्र दुसरेच घडले. १६०५ मध्ये गादीवर येताच जहांगिराने जे बारा हुकूम काढले त्यांत जहागीरदारांनी आपल्या लाभासाठी बसविलेल्या वाटेवरच्या पट्ट्या बंद कराव्या हा एक होता. औरंगजेबानेही राज्यारोहणानंतर लवकरच राहदारी माफ केली. आजोबाने बंद केलेली पट्टी नातवाला पुन्हा बंद करावी लागते, यावरूनच ती मध्यंतरी बंद नव्हती हे उघड होते. खाफीखान तर स्पष्टच लिहितो की, माफीनंतरही जमीनदार व जहागीरदार वाटेवर पैसे उकळीतच राहिले. चौकी सुरक्षिततेसाठी बसली होती. सुरक्षिततेची जबाबदारी गळून पडली आणि चौकी तेवढी उरली. राहदार हा वाटेचा राखणदार न राहता वाटेचा धनी झाला.

मराठी कागदपत्रांत या रोगाची जाणीव एका ठरीव वाक्प्रयोगात दिसते. प्रवाशास किंवा मालास दिलेल्या दस्तकांत चौकीवाल्यांना व घाटवाल्यांना उद्देशून 'मुजाहीम न होणे' असे बजावलेले असते. मुजाहीम होणे म्हणजे अडथळा करणे, त्रास देणे. हे पुनःपुन्हा लिहावे लागे, याचा अर्थ चौकीवाले मुजाहीम होत. तथापि गावपातळीवर जबाबदारीचे जुने तत्त्व महाराष्ट्रात बराच काळ जिवंत होते. पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात गावच्या राखणदारांची पद्धत वर्णिली आहे. चोरी झाली की राखणदाराने माग काढीत शिवेपर्यंत जायचे, माग शेजारच्या गावात नेऊन पोहोचविला की जबाबदारी त्या गावाकडे, आणि माग जेथे हरवेल त्या गावाने जाब द्यायचा. कौटिल्याच्या टप्प्यांचीच ही गावरान आवृत्ती म्हणावी लागेल.

या संदर्भात आग्ऱ्याहून झालेल्या सुटकेची आठवण मराठी वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. १६६६ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज पहाऱ्यातून निसटले, तेव्हा शहराचा कोतवाल फौलादखान याच्या माणसांचा कडेकोट पहारा होता, आणि बातमी फुटताच दक्षिणेकडील वाटांवरील चौक्यांना हुकूम सुटले. तरीही महाराज राजगडी पोहोचले. वाटेत एका फौजदाराने त्यांना ओळखून अडविले असता रत्ने देऊन त्यांनी सुटका करून घेतली, अशी एक कथा खाफीखानाने दिली आहे. तिला अन्य आधार नसल्यामुळे ती इतिहास म्हणून घेता येत नाही. परंतु बादशाही चौकी पार करण्याचा खात्रीचा उपाय कोणता, याविषयी त्या काळच्या एका मोगल इतिहासकाराची काय समजूत होती, हे मात्र तीवरून कळते. आणि तेवढा पुरावा आमच्या विषयाला पुरेसा आहे.

कंपनीच्या अमदानीत या कथेने वेगळे वळण घेतले. १७१७ च्या फर्मानाने कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकातमाफी मिळाली होती. कंपनीचे नोकर तेच दस्तक आपल्या खाजगी व्यापाराला वापरू लागले. नबाबाची चौकी इंग्रजांच्या नावेपुढे हतबल आणि देशी व्यापाऱ्यापुढे मात्र कठोर, अशी स्थिती झाली. १७६३ मध्ये मीर कासीमने त्रासून सर्वांचीच जकात रद्द केली. अडवायचे तर सर्वांना, नाहीतर कोणालाच नाही, हा न्याय त्याने लावला. तो कंपनीला मानवला नाही. युद्ध पेटले, आणि १७६४ मध्ये बक्सारला नबाबाच्या न्यायाचा निकाल तोफांनी लागला. एकाच चौकीवर दोघांना दोन नियम लागले म्हणजे राज्याचा पाया कसा खचतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच असेल.

चौक्या कंपनीच्या स्वतःच्या हाती आल्यावर तरी त्या सुधारल्या काय? चार्ल्स ट्रेव्हेल्यन या तरुण मुलकी अधिकाऱ्याने बंगाल इलाख्यातील अंतर्गत जकातीवर जो अहवाल लिहिला व जो १८३५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. चौकीवरच्या नोकरांचे पगार अगदी थोडे. पण माल उघडून 'रवान्या'शी ताडून पाहण्याचा अधिकार मात्र मोठा. खरी झडती घ्यायची तर एका तांड्याला सबंध दिवस लागावा. म्हणून झडती कोणी घेतच नसे. झडतीची भीती घालून पैसे घेत. सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाहून प्रजेला होणारा जाच कितीतरी अधिक होता. या अहवालाचा परिणाम होऊन १८३६ मध्ये बंगालमध्ये, आणि १८४४ पर्यंत मुंबई व मद्रास इलाख्यांतही वाटेवरची जकात उठली. अडविण्याचा अधिकार विनाकारण रेंगाळला की त्याची किंमत विलंबात मोजली जाते आणि विलंब विकला जातो, हे ट्रेव्हेल्यनचे निदान आजही कोणत्याही नाक्यावर पडताळून पाहावे.

एकीकडे या चौक्या उठत असताना दुसरीकडे मिठाच्या करासाठी एक अजस्र अडथळा वाढत होता. सिंधूकाठापासून ओरिसाच्या दिशेने पसरलेली ही जकातरेषा ऐन भरात सुमारे २,३०० मैल लांब होती आणि तिच्या राखणीस जवळजवळ १२,००० माणसे होती. सिंधूपासून बऱ्हाणपुरापर्यंतच्या मोठ्या भागात ती काटेरी झाडाझुडपांच्या कुंपणाने बांधलेली होती. ज्या ह्यूमसाहेबांना आपण १८८५ च्या काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ओळखतो, तेच १८७० पर्यंत या कुंपणाचे आयुक्त होते. १८७९ मध्ये ते सोडून देण्यात आले आणि पाहता पाहता लोकांच्या स्मरणातूनही गेले. अडथळा तात्पुरता न राहिला तर त्याची भिंत होते, आणि भिंतीला राखण्यातच राज्याची शक्ती खर्ची पडते, एवढा बोध त्यातून घेता येतो.

येथवरच्या चौक्या मुख्यतः कराच्या होत्या. आधुनिक पोलीस रस्त्यावर आले ते वेगळ्या भूमिकेतून. १८५७ च्या उठावानंतर झालेल्या १८६१ च्या पोलीस कायद्याचे कलम ३१ पाहावे. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, घाट, उतार येथे सुव्यवस्था राखणे आणि मिरवणुकांच्या वा जमावांच्या वेळी तेथे अडथळा होऊ न देणे, हे पोलिसांचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. रस्ता बंद करणारा तो गुन्हेगार आणि मोकळा ठेवणारा तो पोलीस, अशी ही सरळ विभागणी होती. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे निराळे होते, १८६७ व १८९० चे जिल्ह्यांसाठी आणि १९०२ चा मुंबई शहरासाठी. आणि स्वातंत्र्यानंतर त्या सर्वांच्या जागी १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आला. हाच कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालू आहे, आणि १९६० च्या विभाजनानंतर गुजरातेतही तो चालत आला.

या कायद्याचे कलम ३४ हे आमच्या विषयाचे हृदय आहे. मधल्या काळात मोटार आली होती. बैलगाडीच्या शेजारून चालत शिपाई गाडीवानाशी बोलू शके. भरधाव मोटारीला थांबवायचे तर रस्त्यावर काहीतरी आडवे घालणे भाग होते. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यामुळे मुंबई राज्यात वाहनांच्या तपासणीला त्या काळी निराळेच महत्त्वही आले होते. कलम ३४ सांगते की, शहरात पोलीस आयुक्ताला आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याला आवश्यक वाटेल तेव्हा तो योग्य त्या पोलीस अधिकाऱ्यास सार्वजनिक रस्त्यावर अडथळे उभारण्याचा अधिकार देऊ शकेल. हेतू एकच, वाहने तात्पुरती थांबवून त्या वाहनाच्या वा त्याच्या चालकाच्या बाबतीत कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नाही अशी खात्री करून घेणे. अडथळे कसे वापरावे याबद्दलचे हुकूमही त्याच वरिष्ठाने काढावे.

हे कलम आम्ही जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा त्यातील संयम आम्हांला जाणवला. वाटेवरच्या कोणाही शिपायाला रस्ता बंद करण्याचा स्वयंभू अधिकार त्यात नाही. तो वरून, नाव असलेल्या आणि जाब देऊ शकणाऱ्या अधिकाऱ्याकडून यावा लागतो. हेतू कायद्याच्या पालनाची खात्री हा आहे, वसुली हा नाही. आणि 'तात्पुरती' हा शब्द आहे. कोणी, कशासाठी आणि किती वेळ, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या एका लांबलचक वाक्यात देऊन ठेवली आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ मध्येही हीच वृत्ती दिसते. अपघातासारख्या प्रसंगी गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून चालकाने वाहन थांबवावे, पण वाजवी वेळेपुरतेच, आणि चोवीस तासांहून अधिक नाही. जमावबंदीच्या हुकुमालाही, पूर्वी कलम १४४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, सामान्यतः दोन महिन्यांची मर्यादा आहे. काळाची मर्यादा हा या सगळ्या अधिकारांचा समान धागा आहे.

राज्यघटनेने त्यावर आणखी एक मोहोर उठविली. अनुच्छेद १९(१)(घ) ने भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला, आणि त्यावरील निर्बंध वाजवी असले पाहिजेत असे बजावले. १९७२ मध्ये हिंमतलाल शहा यांच्या अहमदाबादच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे याच मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खालील एक नियम आला होता. सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्यास पूर्वपरवानगी हवी, पण ती कधी द्यावी आणि कधी नाकारावी याचे काही मार्गदर्शन त्या नियमात नव्हते. घटनापीठाने तो नियम रद्द ठरविला. नियमन करण्याचा अधिकार म्हणजे हक्कच नाहीसा करण्याचा अधिकार नव्हे, हे त्यातील सार. अडथळ्यालाही ते तितकेच लागू आहे, असे आम्हांस वाटते.

परंतु कायद्यातील शब्द रस्त्यावर आपोआप उतरत नाहीत. ते माणसांच्या हातून उतरतात. महाराष्ट्राच्याच भूमीवर घडलेल्या दोन नाकाबंद्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे ही गोष्ट जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही भाष्याने होणार नाही.

पहिली ९ जानेवारी १९९३ च्या रात्रीची. रायगड जिल्ह्यातील दिघी येथे समुद्रमार्गे उतरविलेली शस्त्रे व दारूगोळा घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्याजवळ पोलिसांनी अडविल्या. नाकाबंदीचे जे काम, ते येथपर्यंत चोख झाले होते. त्यानंतर रकमेची बोली झाली, रक्कम जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या, आणि गाड्या सोडून देण्यात आल्या. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. त्या रात्रीच्या पोलिसांवरील दोषसिद्धी विशेष न्यायालयात झाली, आणि या खटल्यातील अपिलांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. खाफीखानाची रत्नांची कथा खरी की खोटी ते आम्ही सांगू शकत नाही. ही चांदीच्या विटांची कथा मात्र न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद आहे. अडथळा जागेवर होता, अधिकार होता, गाड्याही सापडल्या होत्या. फक्त वाटसरूंची, म्हणजे दोन महिन्यांनी मरणाऱ्या त्या २५७ अनोळखी माणसांची, जबाबदारी कोणी आपली मानली नव्हती.

दुसरी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची. शहरात ठिकठिकाणी गोळीबार चालू असताना गिरगाव चौपाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी अडथळे लावून नाकाबंदी केली. दहा हल्लेखोरांपैकी दोघांना घेऊन आलेली चोरीची मोटार त्या अडथळ्यापाशी अडली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी पुढे होऊन हल्लेखोराच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या आपल्या अंगात घेतल्या आणि ती सोडली नाही. दहांपैकी जिवंत पकडला गेलेला एकमेव हल्लेखोर तो हाच. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या माणसाला २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

दोन्ही ठिकाणी कायदा एकच होता. दोन्ही ठिकाणचे पोलीस एकाच राज्याचे, एकाच गणवेशातले, बहुधा सारख्याच परिस्थितीतून आलेले. मग अंतर कशाने पडले? कौटिल्याच्या भाषेत सांगायचे तर एका ठिकाणी वर्तनी घेतली गेली आणि दायित्व टाकून दिले. दुसऱ्या ठिकाणी वर्तनीचा प्रश्नच नव्हता आणि दायित्व प्राण देऊन फेडले. अडविण्याच्या अधिकाराचे समर्थन जर कोणी आमच्याकडे मागितले तर आम्ही कलम ३४ आधी दाखविणार नाही, चौपाटीवरची ती जागा दाखवू. आणि त्या अधिकाराविषयी सावध का राहावे असे विचारले तर गोंडघर फाट्याचे नाव घेऊ.

राहिला प्रश्न काळाचा. येथे अगदी अलीकडचे उदाहरण देणे प्राप्त आहे, आणि त्यात आम्हांस राजकीय पक्ष घ्यावयाचा नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या शाहीनबागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निषेधाचा हक्क मान्य असला तरी सार्वजनिक रस्ते अनिश्चित काळ अडवून धरता येत नाहीत. हा नियम आंदोलकांना सांगितलेला होता. चार वर्षांच्या आत तोच नियम शासनाच्या बाबतीत विचारला गेला. २०२४ च्या फेब्रुवारीत पंजाबातील शेतकरी दिल्लीकडे निघाले असता हरियाणा पोलिसांनी अंबाल्याजवळ शंभू येथे महामार्गावर काँक्रीटचे व लोखंडाचे अडथळे उभारले. शासनाचे म्हणणे शांतताभंगाची भीती होती, आणि ते अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु दिवसांचे आठवडे आणि आठवड्यांचे महिने झाले. १० जुलै २०२४ ला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आठवड्याभरात अडथळे काढण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, स्थिती 'जैसे थे' राहिली, समिती नेमली गेली. अखेर पंजाब पोलिसांनी आंदोलकांना हटविल्यानंतर मार्च २०२५ मध्ये तो रस्ता मोकळा झाला. मधल्या तेरा महिन्यांत मालमोटारी आणि रुग्णवाहिका आडवळणाच्या गावरस्त्यांनी जात राहिल्या.

हा रस्ता म्हणजे शेरशहाच्या नावाशी जोडला गेलेला तोच जुना हमरस्ता, आणि शंभू येथे मोगल काळची सराई अजून उभी आहे. वाटसरूने रात्री निर्धास्त झोपावे म्हणून बांधलेल्या त्या वास्तूच्या परिसरात तेरा महिने वाटसरूलाच वाट नव्हती. दोष कोणत्या पक्षाचा याचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण 'तात्पुरते' या शब्दाला तेरा महिने ताणता येते काय, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारावाच लागतो. १८७९ मध्ये सोडून दिलेले ते काटेरी कुंपणही कोणी एके काळी तात्पुरती सोय म्हणूनच लावण्यास आरंभ केला असेल.

दुसऱ्या बाजूने पाहता काही अडथळे आमच्या डोळ्यांदेखत उठलेही. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात बंद झाली आणि राज्याराज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके ओस पडले. ज्या ठिकाणी मालमोटारींच्या रांगा तासन्‌तास उभ्या असत त्या ठिकाणाचे 'चेकनाका' हे नाव तेवढे बसगाड्यांच्या पाट्यांवर उरले. शेरशहाने सांगितलेली गोष्ट, मधल्या वाटेवर हात पुढे करू नये ही, पावणेपाचशे वर्षांनी एका वेगळ्या मार्गाने पुष्कळ अंशी साध्य झाली. आता रस्त्यावर उरली ती मुख्यतः पोलिसांची नाकाबंदी. आणि म्हणूनच तिच्याविषयी विचार करण्याची जबाबदारीही वाढली आहे.

नाकाबंदी नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दारू पिऊन वाहन हाकणाऱ्याला रोखणे, पळविलेल्या मुलाला शोधणे, शस्त्रे घेऊन निघालेल्या गाडीला अडविणे, हे सारे अडथळ्यावाचून होणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा अधिकार राज्याच्या मालकीचा नसून वाटसरूकडून उसना घेतलेला आहे. वाटसरू आपल्या चालीतले काही क्षण देतो, त्याच्या बदल्यात त्याला पुढची वाट निर्धोक हवी असते. हा मोबदला देता येत नसेल तेथे घेतलेले क्षण ही राहदारी होते, जुन्या अर्थाची.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्यापुढे उद्या अशा हुकुमाचा कागद सहीसाठी येईल, त्यांना आमची नम्र सूचना आहे. कागदावर कोणाला अधिकार दिला त्याचे नाव असावे, हेतू एका ओळीत लिहिता येईल इतका स्पष्ट असावा, आणि अडथळा केव्हा उचलायचा ती वेळ अडथळा लावण्याच्या वेळेबरोबरच लिहिलेली असावी. जुन्या दस्तकांत आपले पूर्वज प्रवाशाच्या हाती 'मुजाहीम न होणे' ही अक्षरे देत असत. ती अक्षरे आता प्रवाशाच्या कागदावर नसतात. तेव्हा ती हुकूम काढणाऱ्याने आपल्या मनात तरी ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे.